एम.एस्सी. फिजिक्सला आले, पण गणित मागेच राहिलं

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील वगळून):

मी २१ वर्षांची आहे. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकते. दहावीपर्यंत गावातच, मराठी माध्यमात होते. बारावीला गणित होतं, पण सीईटीच्या नादात पर्याय बाद करायच्या युक्त्याच जास्त शिकले. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला फिजिक्स, केमिस्ट्री, इलेक्ट्रॉनिक्स असा ग्रुप मिळाला आणि गणित सुटलं ते सुटलंच. डेरिव्हेशन्स पाठ करून तिसऱ्या वर्षाला चांगले मार्क पाडले. आता क्लासिकल मेकॅनिक्स, क्वांटम मेकॅनिक्स आणि मॅथेमॅटिकल मेथड्स या तिन्ही तासांना फळ्यावर काय चाललंय ते कळत नाही. क्वांटमच्या इंटर्नलला २० पैकी ५ मिळाले. शहरातल्या कॉलेजांतून आलेली मुलं ‘यात काय, हे तर सोपंच आहे’ म्हणतात, त्यामुळे वर्गात तोंड उघडत नाही. वर्षभर गॅप घेऊन सगळं गणित पहिल्यापासून करू का? की थिअरी सोडून एक्सपेरिमेंटलकडे जाऊ? भाऊ म्हणतो, बी.एड.ला फॉर्म भर. खरं सांगायचं तर बी.एस्सी.ला स्पेक्ट्रोमीटरमधून सोडियमची पिवळी रेघ दोन रेघांत सुटलेली पाहिली, तेव्हाच मी फिजिक्स करायचं ठरवलं होतं. पण पाया कच्चा आहे आणि माझं डोकं गणिताचं नाही, हे आता मान्य करावं का?

प्रिय विद्यार्थिनीस,

शेवटचा प्रश्न तू विचारला आहेस खरा, पण त्याचं उत्तर मनाशी ठरवूनच पत्र लिहायला बसलीस असं वाटतं. गणिताचं डोकं नाही हा निकाल तू २० मार्कांच्या एका इंटर्नलवरून लावून मोकळी झालीस. मला तो मान्य नाही. का नाही ते सविस्तर सांगते, कारण पहिल्या इंटर्नलचे मार्क लागले की अशी पत्रं दर वर्षी येतात आणि हे उत्तर त्या सगळ्यांसाठीही आहे.

आधी त्या पायाबद्दल. ‘पाया कच्चा’ हे आपल्याकडे शिक्षक म्हणतात, पालक म्हणतात, क्लासवाले तर रोज म्हणतात. घराच्या बाबतीत ते बरोबर आहे. मजले चढल्यावर खाली जाऊन पाया खणता येत नाही. शिकताना मात्र खालचा राहिलेला दगड नंतर कधीही बसवता येतो, आणि बहुतेकांचा तसाच बसलेला असतो. तुझ्या वर्गातल्या ज्या मुलांनी बी.एस्सी.ला गणित घेतलं होतं, त्यांना डायव्हर्जन्सचं सूत्र येत असेल. पण डायव्हर्जन्स नेमकं काय मोजतं हे त्यांनाही गाउसचा नियम वापरून दोन-चार गणितं सोडवल्याशिवाय उमगणार नाही. इतकी वर्षं एम.एस्सी.च्या वर्गांना शिकवताना मी हेच पाहत आले आहे. फिजिक्समध्ये लागणारं गणित बरंचसं फिजिक्समध्येच कळतं. ‘आधी सगळं गणित, मग फिजिक्स’ हा क्रम ऐकायला शिस्तीचा वाटतो, पण त्या वाटेने गेलेली मुलं बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रकरणांतच दमतात, कारण हे सगळं कशासाठी चाललंय ते समोर दिसत नसतं.

ज्या क्वांटम मेकॅनिक्समध्ये तुला ५ मिळाले, त्याचाच इतिहास बघ. १९२५ च्या उन्हाळ्यात वेर्नर हायझेनबर्गने नव्या सिद्धान्ताचा पहिला निबंध लिहिला. वय २३. अणूतून निघणाऱ्या प्रकाशाच्या वारंवारता आणि तीव्रता यांची कोष्टकं करून तो त्यांचा एका विचित्र नियमाने गुणाकार करत होता, आणि त्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं याने तो स्वतःच गोंधळात पडला होता. त्याचे वरिष्ठ मॅक्स बॉर्न यांनी तो कागद वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं की हा तर मॅट्रिक्सचा गुणाकार! विद्यार्थिदशेत ब्रेस्लाउला ते हे शिकले होते. हायझेनबर्ग मॅट्रिक्स शिकलाच नव्हता. मग बॉर्न आणि पास्कुआल योर्दान यांनी ते सगळं नीट गणितात बसवलं, आणि हायझेनबर्गही ते गणित शिकून त्यांच्याबरोबर पुढच्या निबंधाला बसला. त्याची गोष्ट सांगण्याचं कारण एवढंच की अडल्यावर जाऊन शिकणं ही मागे पडलेल्यांची पळवाट नाही. या विषयात कामं होतात तीच मुळी अशी.

उलट बाजूही सांगते, कारण कोणीतरी तुला मायकेल फॅरडेचं उदाहरण देईलच. लोहाराचा मुलगा, बुक बाइंडरकडे उमेदवारी केलेला, गणित जवळजवळ नाहीच, तरी केवढा शास्त्रज्ञ! सगळं खरं आहे. पण फॅरडेच्या बलरेषांना समीकरणांचं रूप मॅक्सवेलने दिलं, आणि तू आज एम.एस्सी.ला जी इलेक्ट्रोडायनॅमिक्स शिकणार आहेस ती मॅक्सवेलची आहे. गणिताशिवाय एम.एस्सी. निभावेल असं मी सांगणार नाही. ते शिकावंच लागेल. मात्र तू समजतेस त्याहून ते पुष्कळ कमी आहे.

किती कमी, ते तुझं तुलाच पाहता येईल. क्वांटमच्या वहीतलं एक डेरिव्हेशन घे, एका पानाचं. शिसपेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीपाशी थांब आणि स्वतःला विचार, ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली? कळलं तर पुढे जा. नाही कळलं तर समासात फुली मार आणि काय कळलं नाही ते दोन शब्दांत लिही. ‘पार्ट्सने इंटिग्रेशन’, ‘चेन रूल’, ‘हे चिन्ह काय?’, ‘ही टर्म शून्य का?’ असं. चार-पाच पानं झाली की सगळ्या फुल्या एका कागदावर उतरवून काढ. त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतील. काही फुल्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या असतील, काही निव्वळ लिहिण्याच्या पद्धतीच्या. उरलेल्या काही तर गणिताच्या नसतीलच. ‘ही टर्म शून्य का’ याचं उत्तर बऱ्याचदा ‘कारण अनंताला वेव्हफंक्शन शून्य होतं’ असं असतं, आणि ते फिजिक्स आहे. ‘मला गणित येत नाही’ म्हटलं की या सगळ्याचा एक डोंगर होतो आणि नुसत्या धसक्याने हातपाय गळतात. कागदावरच्या आठ-दहा नोंदींचं काहीतरी करता येतं.

यातली लिहिण्याच्या पद्धतीची एक अडचण इथेच सोडवू, कारण क्लासिकल मेकॅनिक्समध्ये निम्म्या वर्गाचं घोडं तिथे अडतं. लंबकाचं लॅग्रांजियन (गतिज ऊर्जा वजा स्थितिज ऊर्जा) लिहिल्यावर सर त्याचं थीटा-डॉटच्या (झोक्याचा कोन थीटा, तो बदलण्याच्या वेगाच्या) सापेक्ष पार्शल डेरिव्हेटिव्ह घेतात, आणि ते करताना थीटाला स्थिर धरतात. तुला वाटतं, थीटा-डॉट तर थीटाचंच डेरिव्हेटिव्ह; एक बदलताना दुसरं स्थिर कसं राहील? शंका अगदी रास्त आहे. आता असं बघ. रस्त्यावरच्या एखाद्या मैलाच्या दगडापाशी गाडी ताशी २० किलोमीटरने जात असेल किंवा ६० ने. जागा सांगितल्याने वेग ठरत नाही. लॅग्रांजियन लिहिताना एवढंच म्हटलेलं असतं की मला जागा सांगा आणि वेग सांगा, मी एक आकडा देतो. दोन्ही वेगळ्या माहित्या आहेत, म्हणून एक स्थिर धरून दुसरी बदलता येते. गोलक खरोखर कसा हलतो हे अजून ठरलेलंच नाही. ते समीकरण सुटल्यावर ठरेल, आणि तेव्हा थीटा-डॉट हे थीटाचं डेरिव्हेटिव्ह होईल. यात बारावीच्या पलीकडचं गणित कुठे आहे? पण हे कोणी बोलून दाखवत नाही, आणि विद्यार्थी समजतात की आपलंच काहीतरी कमी आहे.

दुसरं उदाहरण आयगेनव्हॅल्यूचं. इंटर्नलला बहुधा याच्यावरच प्रश्न असणार. एक मॅट्रिक्स लिही: पहिल्या ओळीत ०, १ आणि दुसऱ्या ओळीत १, ०. ही मॅट्रिक्स एवढंच करते की व्हेक्टरचे दोन घटक अदलाबदल करून देते. (१, ०) दिला की (०, १) मिळतो, म्हणजे दिशाच बदलली. आता (१, १) देऊन बघ. अदलाबदल करूनही (१, १) च राहतो. आणि (१, उणे १) दिला तर (उणे १, १) मिळतो, म्हणजे मूळच्याच व्हेक्टरला उणे एकने गुणलेलं. या दोन व्हेक्टरांची रेषा ती मॅट्रिक्स बदलू शकत नाही. त्यांना नुसतं एका आकड्याने गुणते. ते व्हेक्टर म्हणजे आयगेनव्हेक्टर, आणि अधिक १ व उणे १ या आयगेनव्हॅल्यू. हीच मॅट्रिक्स पाउलीची सिग्मा-एक्स म्हणून तुझ्या पुस्तकात आहे. तिला एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) भागिले दोनने गुणलं की इलेक्ट्रॉनचा एक्स दिशेतला स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत कोनीय संवेग, मोजताना येऊ शकणारी उत्तरं मिळतात, दोनच. १९२२ साली फ्रँकफर्टमध्ये श्टेर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकीय क्षेत्रातून सोडला तेव्हा तो दोन भागांत फुटला होता. हे दोन आणि ते दोन एकच आहेत. डिटर्मिनंट काढून आयगेनव्हॅल्यू शोधायची पद्धत तू पाठ केली असशीलच. पण आधी हे असं दोन-तीन मॅट्रिक्सवर हाताने करून बघ, म्हणजे आपण डिटर्मिनंट काढून शोधतोय काय ते कळेल.

आणि तुझ्या सोडियमच्या दोन रेघा! ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. ज्या क्वांटमची तुला धास्ती बसली आहे, तेच या दोन रेघांचं उत्तर देतं, आणि त्याचा गाभा तू आज संध्याकाळी काढू शकतेस. सोडियममधला बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पी पातळीतून खाली येताना तो पिवळा प्रकाश देतो. पी म्हणजे कक्षेतल्या फिरण्याचा कोनीय संवेग एल १, आणि स्पिन एस अर्धा. दोन्ही मिळून एकूण कोनीय संवेग जे, तो दीड किंवा अर्धा असू शकतो. ऊर्जेतला बारीक फरक एल डॉट एसवर ठरतो. जे हा एल आणि एस यांची बेरीज, म्हणून जेचा वर्ग म्हणजे एलचा वर्ग, अधिक एसचा वर्ग, अधिक दोन वेळा एल डॉट एस. शाळेतलंच सूत्र. (क्वांटममध्ये ते सरसकट चालत नाही, एल आणि एस क्रम बदलला तरी चालणारे आहेत म्हणून इथे चालतं.) आता प्रत्येक वर्गाच्या जागी जे गुणिले (जे अधिक एक), या पद्धतीचे आकडे घाल. जे दीड असताना पंधरा चतुर्थांश वजा दोन वजा तीन चतुर्थांश, म्हणजे एक, त्याचं अर्धं अर्धा. जे अर्धा असताना उणे दोन, त्याचं अर्धं उणे एक. एच-बारच्या वर्गाच्या एककात एका पातळीला अधिक अर्धा आणि दुसरीला उणे एक. पातळी दोन ठिकाणी फुटली, म्हणून रेघा दोन झाल्या. ग्रेटिंगमधून पाहिलेलं सगळं या चार ओळींच्या अपूर्णांकांत आहे. यातली फक्त ‘जे गुणिले (जे अधिक एक)’ ही गोष्ट आज तुला विश्वासाने घ्यावी लागेल; ती याच वर्षी अँग्युलर मोमेंटमच्या प्रकरणात येते.

हे सगळं वाचून जर तुला आतून थोडं हलल्यासारखं झालं असेल, तर बी.एड.चा विचार थोडा लांबणीवर टाक. नसेल झालं, तर त्याबद्दल पुढे बोलते.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिल्या वर्षाला सतत लागणारं गणित मोजकं आहे: कॉम्प्लेक्स नंबर, मॅट्रिक्स आणि आयगेनव्हॅल्यू, साधी डिफरन्शियल इक्वेशन्स, पार्शल डेरिव्हेटिव्ह, टेलर सिरीज, फूरिए, आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्स सुरू झालं की व्हेक्टर कॅल्क्युलस. यातल्या बऱ्याच गोष्टींची सुरुवात अकरावी-बारावीच्या पुस्तकांत आहे, आणि बालभारतीची ती पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एम.एस्सी.ला असताना अकरावीचं पुस्तक उघडायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. दार लावून उघड, पण उघड. इंटिग्रेशनच्या प्रकरणातली सोडवून दाखवलेली उदाहरणं पुस्तक झाकून स्वतः केलीस की पंधरा-वीस दिवसांत हात चालू होतो. त्याच्या वरच्या पायरीसाठी मेरी बोआस यांचं मॅथेमॅटिकल मेथड्सचं पुस्तक विभागाच्या लायब्ररीत असेल. ज्यांना कॅल्क्युलसची फक्त तोंडओळख आहे अशा फिजिक्सच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच ते लिहिलेलं आहे. ते पहिल्या पानापासून वाचत सुटू नकोस. तुझ्या फुल्यांच्या कागदावर ‘फूरिए’ असेल तर फूरिएचं प्रकरण काढ, त्यातली पाच-सहा गणितं कर आणि परत क्वांटमच्या वहीकडे ये. ऐकून समजून घ्यायचं असेल तर आयआयटी मद्रासच्या प्रा. व्ही. बालकृष्णन यांची क्लासिकल आणि क्वांटम फिजिक्सवरची व्याख्यानं एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आहेत. मात्र व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं. ते खरं कळलं का, हे वही उघडल्यावरच समजतं.

रोज एक तास द्यायचा. जास्त नको, कारण बाकीचे पेपर, प्रॅक्टिकलच्या फायली आणि मेसच्या वेळा सांभाळून जास्त निभत नाही, आणि चार दिवसांनी सगळंच सुटतं. त्या तासात वाचन नाही, फक्त पेन. टेलर सिरीजचंच घे. सूत्र तुला पाठ आहे. साइनच्या सिरीजची पहिलीच टर्म ठेवली तर लहान कोनाचं साइन म्हणजे रेडियनमधला तो कोनच. कॅल्क्युलेटरवर १० अंशांचं रेडियन कर, ०.१७४५ येईल. त्याचं साइन काढ, ०.१७३६. फरक अर्ध्या टक्क्याचा. आता २० अंश, ३० अंश करून बघ आणि फरक कसा वाढतो ते कोष्टकात मांड. लंबकाच्या प्रयोगात सर लहान झोका का द्यायला सांगतात ते तिथे दिसेल, आणि कुठलाही पोटेन्शियल त्याच्या तळापाशी हार्मोनिक ऑसिलेटरसारखा का धरतात तेही समजायला लागेल.

किंवा ई-चा उणे एक्स वर्ग घात, त्याचं उणे अनंतापासून अनंतापर्यंत इंटिग्रेशन. उत्तर रूट पाय. हे तू पाठ केलं असणार. एकदा काढ: त्या इंटिग्रलचा वर्ग कर, एक एक्समध्ये आणि दुसरा वायमध्ये लिही, मग पोलर कोऑर्डिनेट्समध्ये जा. आर डीआर मिळाल्यामुळे जे आधी सुटत नव्हतं ते एका ओळीत सुटतं आणि पाय येतो. वर्गमूळ घेतलं की झालं. हा एकच इंटिग्रल क्वांटमच्या ग्राउंड स्टेटला, वायूच्या रेणूंच्या वेगांच्या वितरणाला आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या पार्टिशन फंक्शनला लागतो. पाठ केलेला इंटिग्रल परीक्षेत अल्फा नावाचा एक स्थिरांक आला की कोसळतो. काढलेला कोसळत नाही.

इथे मी तुझ्याशी थोडी कडक होणार आहे. तुझ्या पत्रात मला काळजी वाटली ती सुटलेल्या गणिताची नव्हे. ‘पाठ करून चांगले मार्क पाडले’ या वाक्याची वाटली. बी.एस्सी.ला पाच वर्षांचे पेपर काढले की प्रश्न कळतात आणि डेरिव्हेशन घोकली की भागतं. यात तुझा दोष नाही, परीक्षाच तशा आहेत. सीईटीला ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न सोडवायचे असतात, तिथे थांबून विचार करणाऱ्याचं नुकसानच होतं. पण घोकलेल्या डेरिव्हेशनमध्ये एक ओळ विसरली की पुढचं सगळं जातं, आणि एम.एस्सी.ला ओळी इतक्या असतात की विसरणारच. म्हणून आजपासून एक सवय लाव. डेरिव्हेशन एकदा समजून वाचलं की वही मिट आणि कोऱ्या कागदावर लिही. अडलीस तर वही उघडून फक्त पुढची एक ओळ बघ, पुन्हा मिट. सुरुवातीला हे फार संथ आणि त्रासाचं वाटेल. मोबाइलवर एका मिनिटात पूर्ण उत्तर मिळत असताना तर जास्तच. ते उत्तर बघायला माझी ना नाही, पण स्वतः निदान अर्धा तास झगडल्यावर बघ, आणि मग तेही मिटून पुन्हा लिही.

आता तुझे तीन पर्याय.

वर्षभर गॅप घेऊन घरी गणित करणं मला पटत नाही. घरी बसलेल्या मुलीला, त्यातही गावात, अभ्यासाला शांत वेळ किती मिळतो हे तू माझ्याहून चांगलं जाणतेस. हॉस्टेलची खोली जाते, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडू शकतं, आणि शंका विचारायला कोणी जवळ नसतं. शिवाय त्या वर्षात कुठलं गणित कुठे लागतं हे सांगणारं फिजिक्स समोर नसणार. तब्येतीचं किंवा घरचं दुसरं कारण असेल तर गोष्ट वेगळी.

एक्सपेरिमेंटलकडे जाण्याचं मला मनापासून कौतुक आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत थिन फिल्म आणि मटेरियलचं भरपूर काम चालतं, आणि तुझ्या पत्रातला सगळ्यात जिवंत भाग प्रयोगशाळेतलाच होता. पण गणितापासून पळायचं म्हणून तिकडे जाऊ नकोस. एक्सआरडीचे (क्ष-किरण विवर्तनाचे) आलेख फिट करताना, मोजमापातली त्रुटी काढताना गणित तिथेही भेटतंच, आणि पहिल्या वर्षाचे थिअरीचे पेपर सगळ्यांनाच द्यावे लागतात. हाताने काम करायला आवडतं म्हणून जायचं असेल तर खुशाल जा. पुढे नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचा विचार असेल तर हेही लक्षात ठेव की सीएसआयआर-नेटच्या फिजिकल सायन्सेसच्या अभ्यासक्रमाची सुरुवातच मॅथेमॅटिकल मेथड्सपासून होते. आजचा रोजचा तास तिथेही कामी येईल.

बी.एड.बद्दल भावाला दोष देऊ नकोस. त्याला तुझी लवकर सोय लागावी असं वाटतंय, आणि शिकवणं हे हलकं काम नाही. पण ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं असेल तर एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतात. तेव्हा बी.एड. करायचं ठरलं तरी एम.एस्सी. पुरं करून करण्यात तुझाच फायदा आहे. हे त्याला नीट समजावून सांग. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.एस्सी.चं पहिलं वर्ष पूर्ण करून पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडण्याची सोयही झाली आहे. तुझ्या विद्यापीठातले नियम कार्यालयात जाऊन विचार. म्हणजे वर्ष फुकट जाईल ही भीती राहणार नाही.

आणि सोडावंसं वाटलंच तर कधी? दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी. तोवर रोजचा तास खरोखर दिलास, फुल्यांचा कागद छोटा होत गेला का ते पाहत राहिलीस, आणि तरीही एकाही गणिताला हात घालावासा वाटत नसेल, तर फिजिक्स सोडण्यात काहीही कमीपणा नाही. मार्कांवरून नको ठरवूस. मार्क उशिरा सुधारतात. स्वतःहून एखादं गणित सोडवायला घ्यावंसं वाटतं का, यावरून ठरव.

वर्गात तोंड उघडत नाही, असं लिहिलंस. ‘सर, मला हे काहीच समजलं नाही’ असं म्हणायला धैर्य लागतं आणि सरांनाही त्याचं काय उत्तर द्यावं सुचत नाही. त्याऐवजी पानावर बोट ठेवून ‘या ओळीतून ही ओळ कशी आली?’ एवढंच विचार. मराठीत विचार. या प्रश्नाला शिक्षक कधी चिडत नाहीत. बऱ्याचदा उत्तर देताना त्यांच्याच लक्षात येतं की मधल्या दोन ओळी गाळल्या होत्या. तास संपल्यावर केबिनमध्ये जाऊन विचारलंस तरी चालेल. आणि ‘हे तर सोपंच आहे’ म्हणणाऱ्या मुलांपैकी एकाला एकदा विचार, मला दाखव बरं कसं ते. ज्याला येतं तो आनंदाने दाखवेल. बाकीचे विषय बदलतील, आणि आपण एकट्याच मागे आहोत हा तुझा समज तिथेच निम्मा होईल. हॉस्टेलमध्ये गणितात एम.एस्सी. करणारी कोणी असेल तर तिच्याशी मैत्री कर. लिनिअर अल्जिब्रा तिला फार वरच्या पातळीवर येत असतं, पण ते कुठे वापरतात हे तिला तुझ्याकडून कळेल. आठवड्यातून एक संध्याकाळ दोघींनी बसलात तर दोघींचंही भलं होईल.

राहिली ही सेमिस्टर परीक्षा. वेळ थोडा आहे, तेव्हा सगळ्या पेपरांवर सारखं झुंजू नकोस. इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रॅक्टिकल पक्कं कर. मॅथेमॅटिकल मेथड्सच्या नावाने तुझ्या पोटात गोळा येत असेल, पण मार्कांच्या दृष्टीने तो बरा पेपर आहे. गणितांचे प्रकार ठरलेले असतात आणि मॅट्रिक्स, फूरिए सिरीज, कॉम्प्लेक्स नंबर एवढं हाताने करून गेलीस तर पास होण्यापुरते मार्क तिथे आहेत. क्लासिकलमध्ये लॅग्रांजियनची गणितं घे: साधा लंबक, अ‍ॅटवुड मशीन, उतारावरून घरंगळणारा गोल. क्वांटममध्ये बॉक्समधला कण आणि हार्मोनिक ऑसिलेटर नीट कर, बाकीचं जमेल तेवढं. क्वांटम राहिलंच तर एटीकेटी आहे आणि पुढच्या सेमिस्टरला तो पेपर पुन्हा देता येतो; तोपर्यंत तुझ्या रोजच्या तासांचे चार महिने झालेले असतील. बी.एड. सीईटीचा फॉर्म भावाच्या समाधानासाठी भरायचा असेल तर भरून टाक. प्रवेश घ्यायचा की नाही हे दुसऱ्या सेमिस्टरनंतर ठरवता येईल.